ऑरेंज हॉकवीड: कुरणातली शेंदरी फुले काढावीत का, आणि नेमकी कशी?

माळरान:

नमस्कार. आम्ही मागच्या हिवाळ्याच्या तोंडावर मोंटाना राज्याच्या पश्चिम भागात राहायला आलो. घर पाइन आणि लार्च वृक्षांच्या जंगलाला लागून आहे आणि मागच्या बाजूला साधारण एक एकराचे गवताळ कुरण आहे. जूनच्या अखेरीस त्या कुरणाच्या एका कोपऱ्यात एकाएकी शेंदरी फुले दिसू लागली. दांडा हातभर उंच आणि जवळजवळ पर्णहीन आहे, त्यावर राठ काळे केस आहेत आणि माथ्यावर आठ-दहा कळ्यांचा घट्ट झुबका आहे. एका वेळी त्यातली एक-दोनच फुले उमलतात आणि बाकीच्या काळपट कळ्या त्यांच्या मागे दाटीने उभ्या असतात. फुलाची कड तांबूस असून मध्याकडे रंग केशरी-पिवळा होत जातो. पाने सगळी जमिनीलगत, लांबट आणि दोन्ही बाजूंनी लव असलेली आहेत. दांडा मोडला की पांढरा चीक येतो.

शेजारच्या वृद्ध गृहस्थांनी कुंपणावरूनच ओळखून सांगितले की हे ऑरेंज हॉकवीड आहे, राज्याच्या उपद्रवी तणांच्या यादीत आहे आणि ते काढणे ही जमीनमालकाची जबाबदारी आहे. त्यांचे बोलणे मी मनावर घेतले आणि कुरणाच्या त्या भागावरून गवत कापण्याचे यंत्र फिरवले. तीन आठवड्यांनी पाहतो तर फुले पुन्हा आली आहेत, ती आता जेमतेम वीतभर उंचीवर आहेत आणि पानांचे गुच्छ पूर्वीपेक्षा दाट झालेले आहेत.

आणखी एक गोष्ट मला समजलेली नाही. माझ्या सासूबाई सध्या आमच्याकडे आल्या आहेत. त्यांना हे फूल फार आवडले, म्हणून यंत्र फिरवण्याआधी त्यांनी दोन दांडे तोडून खिडकीत पाण्याच्या पेल्यात ठेवले होते. तोडताना त्यातल्या बऱ्याच कळ्या पूर्ण मिटलेल्या होत्या आणि त्या घरातच उमलल्या. खिडकीला जाळी आहे, त्यामुळे एकही मधमाशी आत आलेली नाही. तरीही दोन आठवड्यांनी पेल्याभोवती म्हाताऱ्या पडू लागल्या आणि प्रत्येक म्हातारीच्या टोकाला काळसर, भरलेले बी होते. परागण झाले नसताना बी धरले कसे?

सासूबाई विचारतात की इतके देखणे फूल काढून टाकायलाच हवे का, आणि खरे सांगायचे तर हा प्रश्न माझ्याही मनात आहे. कृपया जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

पर्णिका:

माळरान, आपण केलेले वर्णन इतके नेमके आहे की छायाचित्राची गरज भासली नाही. काळे केस, एका दांड्यावर अनेक फुलांचा झुबका, चीक आणि जमिनीलगतची लवयुक्त पाने ही चारही लक्षणे एकत्र असतील तर ते ऑरेंज हॉकवीडच होय. स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने १७५३ मध्ये त्याला हायरॅसियम ऑरँशियॅकम असे नाव दिले होते. आता बहुतेक वनस्पतिशास्त्रज्ञ त्याला पायलोसेला या वेगळ्या प्रजातीत ठेवतात आणि पायलोसेला ऑरँशियाका म्हणतात. हायरॅक्स म्हणजे ग्रीक भाषेत ससाणा. ससाणे या वनस्पतीच्या चिकाने आपली नजर तीक्ष्ण करतात अशी जुनी समजूत होती, त्यावरून हॉकवीड हे नाव पडले. सूर्यफुलाच्या कुळातली ही वनस्पती मूळची मध्य आणि दक्षिण युरोपातल्या पर्वतांची, म्हणजे मुख्यत्वे आल्प्स आणि कार्पेथियन पर्वतांची रहिवासी आहे.

ओळखीबाबत एक सावधगिरीची सूचना आधी देते. आपल्या भागातल्या डोंगराळ कुरणांत ऑरेंज अ‍ॅगोसेरिस नावाची एक स्थानिक वनस्पती उगवते आणि तिचे फूलही शेंदरी असते. तिच्या दांड्यावर एकच फूल येते, झुबका कधीच नसतो आणि हॉकवीडसारखे राठ काळे केसही नसतात. ती मूळची तिथलीच असल्यामुळे तिला हात लावू नये. काही लोक हॉकवीडला इंडियन पेंटब्रश म्हणतात. पण ते नाव खरे तर तिथल्याच एका अगदी वेगळ्या, स्थानिक रानफुलाचे आहे. बोलण्यातल्या या गोंधळामुळे नको ते उपटले जाते आणि उपटायला हवे ते राहून जाते.

आता पेल्यातल्या बियांविषयी. आपण नकळत एक फार महत्त्वाचा प्रयोग केला आहे, म्हणून जरा विस्ताराने लिहिते.

ऑरेंज हॉकवीडमध्ये असंगजनन होते. सामान्यतः परागकण किंजल्कावर, म्हणजे फुलाच्या मादी भागाच्या टोकावर, पडतो, त्यातील पुंयुग्मक म्हणजे नरपेशी बीजकापर्यंत (ज्याचे पुढे बी होते त्या भागापर्यंत) पोहोचते, फलन होते आणि मग बी तयार होते. या वनस्पतीत मात्र बीजकातील एखादी साधी कायिक पेशीच मोठी होऊन भ्रूणकोशाची जागा घेते आणि तिच्यापासून फलनाशिवायच भ्रूण वाढतो. असे बी म्हणजे मातेची जनुकीय नक्कल असते. वाटाण्याच्या प्रयोगांनी अजरामर झालेला ग्रेगोर मेंडेल याच वनस्पतींमुळे पेचात सापडला होता. त्याने वाटाण्यावरचे निष्कर्ष १८६५ मध्ये ब्रनो येथे वाचून दाखवले आणि १८६६ मध्ये ते छापले गेले. त्यानंतर त्याने हॉकवीड हाती घेतले. म्युनिकच्या कार्ल नेगेली या शास्त्रज्ञाने त्याला या वनस्पतीच्या नादी लावले, असे अनेकदा सांगितले जाते. परंतु नेगेलीला लिहिलेल्या पहिल्याच पत्रात, म्हणजे १८६६ च्या डिसेंबरअखेर, मेंडेलने प्रयोगासाठी निवडलेल्या वनस्पतींत हॉकवीडचा उल्लेख केलेला आहे. त्यामुळे सगळा दोष नेगेलीच्या माथी मारणे मला न्याय्य वाटत नाही.

ते काम किती कष्टाचे होते याची कल्पना यावी म्हणून आपण एक फूल घेऊन भिंगाखाली धरून पाहावे. ज्याला आपण एक फूल म्हणतो तो प्रत्यक्षात डझनावारी पुष्पकांचा, म्हणजे इवल्या फुलांचा, स्तबक (गुच्छ) असतो. प्रत्येक पुष्पकाला एकच पट्टीसारखी पाकळी असते आणि तिच्या टोकाला पाच बारीक दाते असतात. आत परागकोशांची एक नळी आणि त्या नळीतून वर येणारा किंजल असतो. संकर करायचा तर कळी उमलण्याआधी ही काही मिलिमीटरची नळी एकेका पुष्पकातून सुईने काढावी लागते. मेंडेल हे काम आरसा आणि भिंगाने प्रकाश एकवटून करत असे आणि त्या ताणाने १८६९ च्या उन्हाळ्यात त्याचे डोळे इतके दुखावले की काही महिने त्याला काम थांबवावे लागले. एवढे करून हाती आलेले निष्कर्ष वाटाण्याच्या अगदी उलट होते. वाटाण्यात संकराची पहिली पिढी एकसारखी आणि दुसरी विविध असते. हॉकवीडमध्ये पहिल्याच पिढीतले संकर एकमेकांपासून वेगळे निघाले आणि पुढे प्रत्येकाची संतती मात्र तंतोतंत त्याच्यासारखी आली. या संकरांत ऑरेंज हॉकवीडपासून मिळवलेले संकरही होते. मेंडेलने हे निष्कर्ष १८६९ मध्ये मांडले आणि १८७० मध्ये ते प्रसिद्ध झाले, पण १८८४ मध्ये तो गेला तोपर्यंत त्यांचे कारण कोणालाच ठाऊक नव्हते.

कारण उलगडले ते १९०३ मध्ये. डेन्मार्कमधल्या ऑस्टेनफेल्ड आणि राउंकियर या दोन वनस्पतिशास्त्रज्ञांनी हॉकवीडच्या न उमललेल्या कळ्यांचा वरचा भाग पात्याने आडवा कापून टाकला. त्यासरशी परागकोशही गेले आणि किंजल्कही गेले. खाली उरलेल्या भागात तरीही बी धरले. आपल्या सासूबाईंच्या पेल्यात झाले ते याच प्रकारचे आहे. त्यांच्याकडे पात्याऐवजी खिडकीची जाळी होती, इतकाच फरक.

यातून निघणारी व्यवहाराची गोष्ट अशी की तोडलेली फुले बागेच्या कोपऱ्यात किंवा खताच्या ढिगावर कधीही टाकू नयेत. देठापासून वेगळी झाल्यावरही त्यांच्यात बी पिकू शकते. ती जाड पिशवीत घट्ट बांधून कचऱ्यात द्यावीत. खिडकीच्या चौकटीत पडलेल्या म्हाताऱ्याही ओल्या फडक्याने टिपून त्याच पिशवीत जाऊ द्याव्यात.

पायवाट:

पर्णिकाताईंनी बियांचे सविस्तर सांगितले आहेच. मी बारा वर्षे व्हरमॉन्टमध्ये राहतो आणि या फुलाशी माझा संबंध जमिनीखालच्या बाजूने आला आहे, म्हणून त्याविषयी लिहितो.

उत्तर अमेरिकेत या फुलाची पहिली नोंद व्हरमॉन्टमध्येच, १८७५ साली झाली. बागेची शोभा वाढवण्यासाठी ते मुद्दाम आणले होते. त्यानंतर पंचवीस वर्षांच्या आत ते ईशान्येकडील राज्यांत आणि कॅनडाच्या लगतच्या भागांत शेतकऱ्यांच्या डोक्याला ताप होऊन बसले. पश्चिमेकडे ते पुष्कळ उशिरा पोहोचले; वॉशिंग्टन राज्यातल्या स्पोकेन भागात १९४५ च्या सुमारास त्याची नोंद आहे. म्हणजे माळरान, आपल्या खोऱ्यात अजून जी कुरणे मोकळी आहेत ती केवळ वेळेच्या फरकामुळे मोकळी आहेत. इथे व्हरमॉन्टमध्ये रस्त्याच्या कडा जूनमध्ये शेंदरी होतात आणि त्याकडे कोणी थांबून पाहतही नाही.

आपण यंत्र फिरवल्यावर जे झाले तेच माझ्या बाबतीतही झाले होते. पानांचा गुच्छ जमिनीला चिकटून असतो, त्यामुळे पाते त्याच्या वरून जाते. उंच गवत कापले गेल्यामुळे त्या गुच्छाला उलट भरपूर ऊन मिळते. फुलाचा दांडा गेला की वनस्पती आपला जोर धावत्या खोडांकडे वळवते. एका रोपाला एका हंगामात चार ते आठ धावती खोडे फुटतात आणि प्रत्येकाच्या टोकाशी नवा गुच्छ मुळे धरतो. पहिल्या वर्षी माझ्या अंगणात जेवणाच्या ताटाएवढा एक ठिपका होता. मी दोन उन्हाळे तो नेमाने कापत राहिलो आणि तिसऱ्या उन्हाळ्यात तो चटईएवढा झाला. त्या चटईत गवताची काडी शोधावी लागत होती, कारण पानावर पान चढून जमीन पूर्ण झाकली गेली होती. वारंवार कापल्याने वनस्पती आखूड दांड्यावर फुलायला शिकते, हेही मी पाहिले आहे. आपली वीतभर उंचीची फुले त्यातलाच प्रकार दिसतात.

त्यानंतर मी आणखी मोठी चूक केली. भाड्याने नांगरणीचे लहान यंत्र आणून ती चटई उलटीपालटी केली आणि समाधानाने घरात गेलो. मूलक्षोडाचा (जमिनीखालच्या आडव्या खोडाचा) आणि धावत्या खोडाचा प्रत्येक तुकडा स्वतंत्रपणे फुटू शकतो, हे मला माहीत नव्हते. पुढच्या वसंतात यंत्र जिथवर फिरले होते तिथवर गुच्छ उगवले होते. एका जागी असलेले संकट मी स्वतःच्या हाताने सगळ्या अंगणात पेरले, याची खंत मला अजून वाटते. म्हणून कळकळीने सांगतो की नांगर, कुदळीने वरवर खणणे किंवा पाने धरून उपटणे यांपैकी काहीही करू नका.

निळाई:

मी इंग्लंडमध्ये राहते आणि या चर्चेतला सूर वाचून थोडे वाईट वाटले, म्हणून दुसरी बाजू मांडते. इथे या फुलाला फॉक्स अँड कब्ज म्हणतात, म्हणजे कोल्हीण आणि तिची पिल्ले. माळरान यांनी लिहिलेली मागे दाटीने उभी असलेली काळपट कळ्यांची रांग हीच ती पिल्ले होत. त्याचे आणखी जुने नाव ग्रिम द कोलियर असे आहे. दांड्यावरचे काळे केस कोळशाच्या धुळीसारखे दिसतात म्हणून ते पडले. सतराव्या शतकापासून हे फूल इथल्या बागांत आहे आणि आता रेल्वेचे बांध, चर्चची आवारे, जुनी हिरवळ अशा ठिकाणी आपोआप उगवते. तेही इथे मूळचे नाही, तरीही त्याने इथे काही उत्पात माजवलेला मी पाहिलेला नाही. मधमाश्या, भुंगे आणि फुलपाखरे त्यावर सतत येतात. एका देशात जे घरचे झाले तेच दुसऱ्या देशात मुळासकट काढायचे, यात आपण फुलावर अन्याय तर करत नाही ना?

पर्णिका:

निळाई, आपला प्रश्न प्रामाणिक आहे आणि त्याला तितक्याच गांभीर्याने उत्तर द्यायला हवे.

फुलाचा दोष नाही, हे मला पूर्ण मान्य आहे. मी हे फूल त्याच्या घरी पाहिले आहे. ऑस्ट्रियातल्या आल्प्समध्ये, वृक्षरेषेच्या थोडे वर, आम्लधर्मी मातीवरच्या कडक आखूड गवतात ते उभे होते. पंधरा-वीस पावलांवर एक दांडा, मग बरेच अंतर काहीच नाही, मग पुन्हा दोन दांडे, असे ते विखुरलेले होते. शेजारी अर्निका होती, जेन्शियन होती आणि क्रेपिस ऑरिया नावाचे दुसरे एक शेंदरी फूल होते, जे एका दांड्यावर एकच येते. तिथे त्याची पाने खाणारे आणि खोडात गाठी करणारे कीटक आहेत, चरणारी जनावरे आहेत आणि हजारो वर्षे त्याच्याशी झगडत आलेले गवतही आहे. या सगळ्यांच्या धाकात ते आपल्या मापात राहते. त्या कुरणातून एकही दांडा तोडण्याची मला इच्छा झाली नाही.

इंग्लंडमध्ये ते बहुतेक करून माणसाने आधीच बदललेल्या जागी राहते. मोंटाना, आयडाहो, ब्रिटिश कोलंबिया किंवा अलास्का इथे मात्र ते थेट स्थानिक डोंगरी कुरणांत शिरते. अलास्कात कोडियाक बेटावरच्या राष्ट्रीय वन्यजीव आश्रयस्थानात, कार्लुक सरोवरातल्या कॅम्प आयलंडसारख्या आडबाजूच्या बेटावरही ते सापडले आणि ते हटवण्यासाठी तिथल्या कर्मचाऱ्यांना वर्षानुवर्षे खपावे लागले. जिथे कुरणात अनेक जातींची फुले पाळीपाळीने, वसंतापासून शरदापर्यंत उमलत असतात तिथे एकाच जातीची चटई पसरली, तर मधमाश्यांना जूनअखेर मेजवानी मिळेल, पण पुढे काय?

आणखी एका गोष्टीचा मला सतत विचार पडतो. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका जनुकीय अभ्यासात उत्तर अमेरिकेच्या निरनिराळ्या भागांतले ऑरेंज हॉकवीड तपासले गेले, तेव्हा खंडाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जवळजवळ एकच क्लोन आढळला. असंगजननाचा हा परिणाम आहे. म्हणजे पायवाट यांच्या व्हरमॉन्टमधल्या अंगणातले रोप आणि माळरान यांच्या पेल्यातले रोप हे बहुधा जनुकीयदृष्ट्या एकच रोप आहे. जोडीदार लागत नाही, कीटक लागत नाही, एक बी वाऱ्यावर आले तरी वस्ती सुरू होते. आल्प्समधल्या विखुरलेल्या दांड्यांचा जो स्वभाव होता तो इथे पाहायला मिळत नाही, त्यामागे हेही एक कारण आहे.

हिमरेषा:

ऑस्ट्रेलियाचा अनुभव इथे उपयोगी पडेल असे वाटते. न्यू साउथ वेल्समधल्या कोझियस्को राष्ट्रीय उद्यानात ऑरेंज हॉकवीड २००३ मध्ये सापडले. शेजारच्या व्हिक्टोरिया राज्याच्या उंच भागातही ते आहे आणि दोन्हीकडे सरकारने ते समूळ काढण्याचे काम हाती घेतलेले आहे. मी दोन उन्हाळे कोझियस्कोच्या मोहिमेत स्वयंसेवक म्हणून गेले होते.

ते काम कसे चालते ते सांगते. आम्ही सात-आठ जण हाताच्या अंतरावर एका ओळीत उभे राहायचो आणि दोरीने आखलेल्या पट्ट्यात नजर जमिनीवर ठेवून सावकाश पुढे सरकायचो. फूल असेल तर लांबूनही दिसते, पण फुलाविना असलेला पानांचा गुच्छ गवताच्या झुबक्याखाली दडलेला असतो आणि तो हाताने गवत बाजूला करूनच शोधावा लागतो. पहिल्या दिवशी तीन तासांत मला काहीच सापडले नाही. मग माझ्या उजव्या हाताच्या स्वयंसेविकेने थांबून बोट दाखवले, तिथे नखाएवढ्या चार पानांचे एक रोप होते आणि त्या पानांवरची लांब, विरळ, उभी लव उन्हात चमकत होती. एकदा ती लव डोळ्यांत बसली की मग ते पान चुकत नाही. माळरान, आपणही फुले गेल्यावर लव पाहूनच शोध घ्यावा, कारण फुलांच्या मागे लागलेला माणूस न फुललेली रोपे मागे सोडतो आणि पुढच्या वर्षी तीच फुलतात.

या मोहिमेत प्रशिक्षित कुत्रेही काम करतात. माणसाच्या नजरेला न दिसणारे रोप ते वासाने शोधतात आणि त्याच्याजवळ बसून राहतात. उंचावरून फुलांचा रंग टिपण्यासाठी ड्रोन वापरले जातात. सापडलेल्या प्रत्येक रोपाची जागा नकाशावर नोंदली जाते आणि त्या जागी अनेक वर्षे पुन्हा पुन्हा परतून जावे लागते, कारण जमिनीत पडलेले बी सुमारे सात वर्षांपर्यंत जिवंत राहू शकते. रोप काढले म्हणजे काम संपले, असे इथे कोणीच मानत नाही.

बुटांची आणि कपड्यांची काळजी हाही त्या कामाचा भाग असतो. बीवर अगदी बारीक काटेरी खरखर असते आणि ते मोजे, जनावरांचे केस, बुटांच्या तळाचा चिखल यांना चिकटून जाते. पट्टा संपला की आम्ही तिथेच बसून बुटांचे तळ ब्रशने साफ करायचो, मोजे उलटे करून पाहायचो आणि मगच पुढच्या पट्ट्यात जायचो. आपल्याकडे कुत्रा असेल तर त्याला त्या कोपऱ्यात जाऊ देऊ नका.

अंकुरमाला:

प्रश्नकर्त्यांचा तिसरा मुद्दा, म्हणजे प्रत्यक्ष काढण्याची पद्धत, तो अजून पूर्ण झालेला नाही म्हणून लिहितो. माझे काम कुरणांच्या पुनरुज्जीवनाशी संबंधित आहे.

ठिपका ताटाएवढा किंवा त्याहून लहान असेल तरच हाताने खणावे. पाऊस पडून गेल्यावर, माती मऊ असताना, शेवटच्या पानाच्या चांगले वीतभर बाहेरून खणायला सुरुवात करावी आणि मातीचा गड्डा अख्खा उचलून प्लास्टिकच्या कापडावर ठेवावा. धावती खोडे दोऱ्यासारखी गवताखाली गेलेली असतात. ती ओढून तोडू नयेत, बोटाने टोकापर्यंत माग काढून सोडवून घ्यावीत. गड्ड्यातली माती तिथे झटकू नये. रिकाम्या जागी लगेच स्थानिक गवताचे बी टाकावे, कारण उघडी माती हे या वनस्पतीला दिलेले आमंत्रणच असते.

ठिपका त्याहून मोठा असेल तर निवडक तणनाशक वापरणे अधिक योग्य ठरते. अमिनोपायरॅलिड किंवा क्लोपायरॅलिड ही रुंद पानांच्या काही कुळांवर काम करणारी आणि गवताला बहुतांशी वाचवणारी रसायने या कामी वापरली जातात. ग्लायफोसेट मात्र गवतही मारते आणि मग उघड्या जमिनीवर पहिले परत येते ते हॉकवीडच. पानांवर लव असल्यामुळे फवारा थेंबाथेंबाने वरच राहतो, म्हणून त्यात चिकटद्रव्य मिसळावे लागते. प्रमाण, पाण्यापासूनचे अंतर आणि जनावरे चरायला सोडण्याचा काळ याबाबत वेष्टनावरच्या सूचना तंतोतंत पाळाव्यात. अमिनोपायरॅलिड फवारलेले गवत खतात घातले तर ते खत भाजीपाल्याला घातक ठरते, हे सहसा लोकांच्या लक्षात येत नाही.

नत्रयुक्त खत देऊन गवताला जोर आणण्याचा उपाय लागवडीच्या कुरणात उपयोगी पडतो. तुमच्या जंगलालगतच्या नैसर्गिक कुरणात मी तो सुचवणार नाही, कारण जादा नत्राने तिथली इतर नाजूक रानफुलेही मागे हटतात.

जैविक नियंत्रणाचीही वाट खुली झाली आहे. ऑलासिडिया सबटर्मिनॅलिस नावाची, मुंगीएवढीही नसलेली युरोपीय गांधीलमाशी हॉकवीडच्या धावत्या खोडांच्या टोकांत अंडी घालते. तिथे गाठ तयार होते आणि खोडाची पुढची वाढ खुंटते. न्यूझीलंडमध्ये ती १९९९ मध्ये तिथल्या दुसऱ्या एका हॉकवीडसाठी सोडली गेली आणि ब्रिटिश कोलंबियात २०११ मध्ये ऑरेंज हॉकवीडवर सोडण्यात आली. ती मोठ्या पसरलेल्या वस्त्यांचा जोर कमी करण्यासाठी आहे. एका एकराच्या कोपऱ्यातला ठिपका मात्र माणसाच्या हातानेच निघायला हवा.

आणि सर्वांत आधी आपल्या काउंटीच्या तण-नियंत्रण विभागाला कळवावे. मोंटानात प्रत्येक काउंटीला असा विभाग असतो. ही माणसे दंड करायला येतील अशी भीती बाळगू नये. लहान ठिपका वेळेवर कळवणारा जमीनमालक त्यांना हवाच असतो.

माळरान:

सर्वांचे मनःपूर्वक आभार. सगळे प्रतिसाद मी सासूबाईंना वाचून दाखवले. मेंडेलच्या डोळ्यांचा प्रसंग ऐकून त्या बराच वेळ गप्प होत्या आणि मग त्यांनी भिंग मागून घेतले. पाकळीच्या टोकाचे पाच दाते त्यांना दिसले, मलाही दिसले. खिडकीतल्या म्हाताऱ्या त्यांनीच टिपल्या आणि फुलांसकट पिशवीत बांधल्या.

परवा तण-नियंत्रण विभागातून एक ताई आल्या होत्या. त्यांनी माझ्याबरोबर गुडघ्यांवर बसून कोपरा तपासला. मला एकच ठिपका वाटत होता, पण लव पाहून शोधल्यावर एकूण पाच निघाले. त्यांतला एक कुंपणापलीकडे, जंगलाच्या पायवाटेला लागून आहे आणि तो बहुधा सर्वांत जुना असावा, कारण तिथे गवत उरलेलेच नाही. म्हणजे ते आमच्या कुरणातून जंगलात गेले नसून पायवाटेवरून कोणाच्या तरी बुटाबरोबर इकडे आलेले दिसते. प्रत्येक ठिपक्याशी एक निशाण रोवले आहे. तीन लहान ठिपके काल पावसानंतर मी आणि माझ्या पत्नीने अंकुरमाला यांनी सांगितल्याप्रमाणे गड्ड्यासकट काढले. एका रोपाचे धावते खोड माझ्या कोपरापासून बोटापर्यंत लांब भरले आणि त्याच्या टोकाशी दोन पानांचे नवे रोप मुळे धरून बसलेले होते. उरलेल्या दोन ठिपक्यांवर विभागाचे लोक पुढच्या आठवड्यात फवारणी करतील.

कुरणाच्या वरच्या अंगाला एकेक सुटे शेंदरी फूल आहे, ते मी सरसकट काढणार होतो. पर्णिकाताईंची सूचना आठवून जवळ जाऊन पाहिले, तर दांड्यावर एकच फूल होते आणि काळे केस नव्हते. विभागाच्या ताईंनीही ते अ‍ॅगोसेरिस असल्याचे सांगितले. त्याच्या दांड्याला आम्ही वेगळ्या रंगाची फीत बांधली आहे, म्हणजे फवारणीच्या दिवशी कोणाचा हात चुकणार नाही.

एक प्रश्न राहिला. कुंपणापलीकडच्या ठिपक्याजवळून पायवाट जाते आणि तिथून शनिवार-रविवारी बरीच माणसे ये-जा करतात. हिमरेषा, आपल्या मोहिमेत बूट साफ करण्यासाठी पायवाटेवरच कायमचे ब्रश बसवले होते का, की प्रत्येकाने आपापले नेले होते? तसे काही इथे बसवण्याची परवानगी मी वन विभागाकडे मागणार आहे.

हिमरेषा:

आम्ही प्रत्येकाने आपापला ब्रश नेला होता आणि मोहिमेच्या तळावर आणखी काही ठेवलेले असायचे. पायवाटेवर बसवायचा असेल तर लोखंडी चौकटीत आडवा लावलेला ताठ केसांचा ब्रश घ्यावा आणि तो ठिपक्यापासून थोडे पुढे, दोन्ही दिशांना एकेक असा लावावा. त्याच्याखाली पडणारी माती एका ट्रेमध्ये गोळा होईल अशी सोय करा आणि दर आठवड्याला ती पिशवीत भरून टाका. नाहीतर नवा ठिपका ब्रशखालीच उगवेल. शेजारी फुलाचे आणि फुलाविना असलेल्या पानांचे, अशी दोन छायाचित्रे लावा. पानांचे छायाचित्र मोठे असू द्या.

माळरान:

पानांचे छायाचित्र उद्या सकाळी, तिरप्या उन्हात लव स्पष्ट दिसेल तेव्हा काढतो आणि इथे चढवतो.